शेऱ्याच्या रकान्यात

तुमच्या समोर एक हिरवी काडी आहे असं समजा. पेन्सिलीएवढी जाड, जंगली गुलाबाची, काट्यांनी भरलेली. ती मातीत रुजलेली आहे, पण तिला येणारं फूल कोणाला नको असतं. आता शेजारच्या चांगल्या गुलाबाची एक फांदी घ्या. पान जिथे फांदीला चिकटतं तिथे त्याच्या कुशीत एक बारीक उंचवटा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला डोळा म्हणतात. धारदार चाकूने तो डोळा सालीच्या पातळ ढलपीसकट काढायचा. मग जंगली काडीवर एक आडवी चीर द्यायची आणि तिच्या मधून खाली एक उभी चीर. साल दोन्हीकडून हलकेच उचलायची आणि डोळा आत सरकवायचा. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा ठेवून. तीन आठवड्यांनी तो हिरवा दिसला तर जगला. काळा पडला तर गेला, पुन्हा करा.

पुस्तकात याला कलम करणे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण मी ज्या गावाची गोष्ट सांगतो आहे तिथे हा शब्द कोणाच्या तोंडात नव्हता. तिथली बाई सकाळी डबा घेऊन निघाली की म्हणायची, "डोळे भरायला चालले."

आता त्या गावातल्या एका मुलीची कल्पना करा. वय अकरा. घरचे तिला मुंगी म्हणत, कारण लहानपणापासून कुठेही ओळ दिसली की ती तिच्यामागे चालू लागायची. फरशीच्या फटी, कुंपणाचे खांब, दोरीवरचे चिमटे. चालायची आणि मोजायची. एक चिमटा कमी असला तर तिला जेवण गोड लागायचं नाही. बाप तिला विचारायचा, "काय गं, आज जगातलं काय काय कमी आहे?"

त्या वर्षी पाणीच कमी होतं. गावाच्या खालच्या अंगाला एक रोपवाटिका होती, तिची विहीर सगळ्यांत आधी आटली. रोपं पिशव्यांतच वाळून गेली आणि मालकाने फाटकाला साखळी घातली. मग एक मुकादम आला. लांब कुठेतरी धरणाच्या काठी मोठी रोपवाटिका होती, तिथे माणसं हवी होती. गावातून चौसष्ट माणसं गेली. डोळे भरणारी, पिशव्यांत माती भरणारी, खड्डे खणणारी, पाणी देणारी. मुलांना बरोबर न्यायची सोय नव्हती. मुंगीची आई अगदी शेवटच्या दिवशी जायला तयार झाली. गाडी उभी होती. आई गावच्या सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी नाव लिहायला गेली तेव्हा मुंगी गाडीजवळ तिची पिशवी धरून उभी होती. तिला आईची फक्त पाठ दिसत होती. आई लवकर आली, पिशवी घेतली, मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चढली.

बाप पंपमिस्त्री होता. पाणी नाही तर पंप कशाचे आणि दुरुस्ती कशाची? म्हणून तो विहिरींतला गाळ काढायच्या कामावर जाऊ लागला. कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, पोटरीपर्यंत चिखलात उभं राहून बादल्या भरायच्या आणि वरच्या माणसाने त्या ओढायच्या. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा पायांवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या असत. दारातल्या दगडावर बसून तो काठीने चिखल खरवडायचा. धुवायला पाणी नसायचं. दोराने कमरेवर एक लाल पट्टा उठला होता. मुंगीने तिथे तेल लावलं की तो श्वास ओढून धरायचा आणि म्हणायचा, "तुझ्या आईपेक्षा तुझा हात जड आहे."

घर सांभाळायला आत्या आली होती, बापाची थोरली बहीण. तिचे गुडघे गेले होते, त्यामुळे ती खोक्यावर बसून स्वयंपाक करायची आणि खोक्यावर बसूनच सगळ्या घरावर राज्य करायची.

"मुंगे, ती बादली अर्धीच आणलीस?"

"पूर्ण आणली होती. चढावर सांडली."

"मग चढाला आंघोळ घालायला गेली होतीस म्हण."

आत्या वाईट नव्हती. रोज मुंगीची वेणी घालायची. पण तिची बोटं मऊ होती. आईच्या उजव्या अंगठ्यावर चाकूच्या बारीक चिरांची जाळी होती, आणि वेणी घालताना त्या चिरांत केस अडकायचे. "आई गं, ओढू नकोस," असं मुंगी रोज म्हणायची. आता काहीच अडकत नव्हतं. वेणी दोन मिनिटांत व्हायची, आणि मुंगी ती झाल्यावरही तशीच बसून राहायची. आईची फणी कोनाड्यात होती, दात्यांत दोन-तीन केस अडकलेले. आत्याने ती साफ करायला घेतली तेव्हा मुंगीने हातातून ओढून घेतली आणि शाळेच्या दप्तरात टाकली. 

रविवारी दुपारी आईचा फोन यायचा, मुकादमाच्या फोनवरून. मागे आणखी बायका रांगेत उभ्या असायच्या, त्यांचं बोलणं ऐकू यायचं. प्रत्येकीला दोन मिनिटं.

एका रविवारी आई म्हणाली, "अहो, इथे खोल्या देणार आहेत. डोळे जगेपर्यंत, मग खोडं छाटेपर्यंत थांबावं लागतंय ना, म्हणून डोळे भरणाऱ्यांच्या घरच्यांना बोलावून घेणार आहेत. शाळा पण आहे, चालत जाण्याएवढी. यादी गावाकडून येणार आहे. तुम्ही बघाल ना?"

"बघतो की," बाप म्हणाला.

"मुंगीला द्या."

मुंगीने फोन घेतला. "आई, खोलीला खिडकी आहे?"

"आहे. खिडकीतून पाणी दिसतं."

"किती?"

आई हसली. "ते मोजता येणार नाही तुला."

आणि फोन पुढच्या बाईकडे गेला.

ते दहा दिवस मुंगी पाण्याने भरलेल्या खिडकीत राहिली. शाळेत, टँकरच्या रांगेत, भांडी घासताना. दप्तरातली वह्या-पुस्तकं तिने दोनदा काढून पुन्हा लावली. आत्याने विचारलं, "आणि मी गं?" मुंगी म्हणाली, "तू पण. तुझा खोका पण." आत्या म्हणाली, "खोका न्यायला वेगळी गाडी लागेल." पण त्या संध्याकाळी तिने आपली दोन लुगडी वेगळी काढून ठेवली.

मंगळवारी यादी लागली. कार्यालयाच्या भिंतीवर, टँकर उभा राहतो त्याच्या समोरच. गाडी शनिवारी येणार होती. यादीत अकरा नावं होती. मुंगीने वरून खाली वाचली, मग खालून वर. आईचं नाव नव्हतं.

तिने घरी येऊन सांगितलं. बापाचा विश्वास बसला नाही. बुधवारी त्याने अर्ध्या दिवसाचं काम सोडलं, अंगावर धुतलेला सदरा घातला आणि कार्यालयात गेला. मुंगी बादली घेऊन मागे गेली.

खिडकीमागे जो माणूस बसायचा त्याला गावातली मुलं खिडकीकाका म्हणत. शहरातून बदली होऊन त्याला सहा-सात महिने झाले होते. त्याचं खरं काम काहीही असो, दिवसभर तो संगणकासमोर बसून बाहेरच्या माणसांना अर्धाच दिसायचा. चांगला माणूस होता, पण दमलेला. खिडकीपुढे नेहमी पंधरा-वीस जण असत आणि पंखा त्याच्याकडे पाठ करून फिरायचा.

"साहेब, आमच्या घरातलं नाव राहिलं," बाप म्हणाला.

"मिस्त्री, नाव राहत नसतं. यादी मी हाताने लिहीत नाही. संगणकाला सांगितलं की कलमवाले काढ, त्याने काढले. अकरा निघाले."

"पण ती तिथे तेच काम करते."

"तिथे कोण काय करतं ते मला इथून दिसत नाही. माझ्याकडे नोंद आहे तीच खरी. नोंदीत कलम नाही म्हणजे नाही."

"एकदा बघितलं असतं तर..."

"अहो, मागे रांग बघा." आणि रांगेतला कोणीतरी म्हणाला, "मिस्त्री, पंप बंद पडला तर ढकलून चालू होत नाही." लोक हसले. बापही हसला. त्याला हसावं लागलं. मग तो बाजूला झाला, आणि मुंगीला दिसलं की धुतलेल्या सदऱ्यावर कमरेपाशी दोराच्या जागी ओला लाल डाग उमटला होता.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "एक बोलू? रागावू नकोस."

"नको बोलू मग."

"तिनेच नाव लावू दिलं नसेल. माणसाला थोडं मोकळं वाटत असतं. इथे माझे गुडघे, तुझा चिखल, हिचं मोजणं. तिकडे आपली सकाळी उठली, कामाला गेली, आली. मी वाईट म्हणून नाही सांगत. मला पण वाटलं असतं."

बाप काठीने पाय खरवडत राहिला. चिखल सगळा निघाला तरी खरवडत राहिला.

मुंगीने विचारलं, "बाबा, खरं?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. हे त्याने म्हणायला नको होतं. नाही म्हणायला हवं होतं. त्यालाही ते लगेच कळलं, पण शब्द बाहेर पडला होता. त्याने थोड्या वेळाने मुकादमाचा फोन लावून बघितला. दुसऱ्यांदा लागला. यादीत नाव नाही म्हटल्यावर मुकादम म्हणाला, बायका वाफ्यांवर आहेत, निरोप देतो. अर्ध्या तासाने फोन वाजला. आईचा आवाज कोरडा होता.

"अहो, तुम्ही नाव दिलं नाहीत?"

"मी? मी कशाला देईन? यादी संगणक काढतो म्हणतात."

"इथे म्हणतात, नावं गावातूनच येतात." ती थांबली. "यायचं नसेल तर तसं सांगा. विहिरीचं काम आहे, सुटत नसेल. मी समजू शकते."

"यायचं नाही असं कोण म्हणालं?"

"मग नाव का नाही?"

 मागे बाईचा आवाज आला, "झालं का गं तुझं?" आणि फोन बंद झाला.

बघा, मुलांनो, किती विचित्र आहे. दोन माणसं एकमेकांची वाट बघत होती, आणि दोघांनाही वाटू लागलं होतं की दुसऱ्याला आपण नको आहोत. भांडण कोणाचंच नव्हतं. मधे फक्त एक कागद होता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मुंगी टँकरच्या रांगेत उभी होती. टँकर आला नव्हता. रिकाम्या बादल्यांची रांग कार्यालयाच्या भिंतीला लागून वळली होती आणि मुंगीची बादली नेमकी यादीखाली आली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: हरकती गुरुवारी पाच वाजेपर्यंत. वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने यादी पुन्हा वाचली. या वेळी तिने नावं वाचली नाहीत. नावांच्या आधीचे आकडे वाचले.

तीन. सात. आठ. चौदा. पंधरा. एकवीस.

तिने मागच्या काकीला विचारलं, "काकी, तीननंतर सात का?"

"छापणाऱ्याने झोपेत छापलं असेल," काकी म्हणाली. तिच्या मुलाचं नाव सात या आकड्यासमोर होतं, त्यामुळे तिला बाकीच्या आकड्यांशी देणंघेणं नव्हतं.

पण मुंगीला चार, पाच आणि सहा हवे होते. दोरीवरचे तीन चिमटे एकदम गेले तर ते कोणीतरी काढलेले असतात. ती बादली तिथेच ठेवून खिडकीपाशी गेली. रांगेत मोठी माणसं होती, ती त्यांच्या कोपरांखालून पुढे सरकली. कोणी म्हणालं, "ए, रांग आहे." ती म्हणाली, "मला कागद नको आहे. मला फक्त विचारायचं आहे."

"काय गं?" खिडकीकाका म्हणाला.

"काका, चार, पाच आणि सहा कुठे आहेत?"

"कसले चार-पाच-सहा?"

"यादीतले. तीननंतर सात आहे. आठनंतर चौदा आहे. मधली माणसं कुठे गेली?"

खिडकीकाकाने पहिल्यांदाच संगणकावरून मान वर केली. दिवसभरात त्याला सगळ्यांनी विचारलं होतं, माझं नाव का नाही. मधले आकडे कुठे गेले असं कोणी विचारलं नव्हतं. त्याला ते आवडलं असावं. दमलेल्या माणसाला नवा प्रश्न थंड पाण्यासारखा लागतो.

"कुठे गेली नाहीत. झाकली आहेत," तो म्हणाला. "दाराने आत ये. दाखवतो. अहो, दोन मिनिटं थांबा सगळे, टँकर आल्याशिवाय तुम्ही तरी कुठे जाणार आहात?"

आत खोली लहान होती. फायलींचा वास होता. मुंगी खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावर रकाने होते, आडवे-उभे, तिच्या गणिताच्या वहीसारखे. वरच्या ओळीत शीर्षकं: अनुक्रमांक, नाव, घर, काम, शेरा. प्रत्येक शीर्षकाच्या कोपऱ्यात खाली तोंड केलेला एक छोटा त्रिकोण. काम या शीर्षकाजवळच्या त्रिकोणाला मात्र चाळणीसारखी खूण होती.

"ही आपली चाळणी," खिडकीकाका म्हणाला. "धान्य चाळतो तशी. फक्त एक फरक. खऱ्या चाळणीतून पडलेलं खाली जातं. इथे काही पडत नाही. नको ते डोळ्याआड होतं, आणि असतं तिथेच राहतं. डावीकडे बघ, ओळींचे आकडे निळे झालेत. निळे दिसले की समजायचं, मधे कोणीतरी लपलेलं आहे."

त्याने त्रिकोणावर टिचकी मारली. खाली एक यादी उघडली, खिडकीचा पडदा सोडावा तशी. त्यात एकाखाली एक शब्द होते आणि प्रत्येकासमोर एक चौकट. कलम, याच्यासमोर बरोबरची खूण होती. खड्डे, पाणी देणे, पिशव्या भरणे, यांच्यासमोर नव्हती.

"या रकान्यात जेवढी वेगवेगळी कामं लिहिली आहेत तेवढी इथे येतात. मी फक्त कलमवर खूण ठेवली, म्हणून अकराच दिसतात. आता पिशव्यांवर ठेवू?" अकरा नावं गेली आणि तीस आली. पहिल्या तिघांचे आकडे होते चार, पाच आणि सहा. "हे बघ, तुझे हरवलेले."

मुंगीने तीसही नावं वाचली. आई नव्हती. खड्डे खणणाऱ्यांत नव्हती. पाणी देणाऱ्यांतही नव्हती. काका दमला नव्हता, उलट रंगात आला होता. एकेक खूण काढत होता, एकेक ठेवत होता. मुंगी ओठ हलवून मोजत होती.

"अकरा, तीस, बारा, आठ," ती म्हणाली. "एकसष्ट झाले. गेले चौसष्ट."

खिडकीकाकाचा हात संगणकाच्या उंदरावर थांबला. टेबलावरच्या त्या उंदराला वायर होती आणि ती चिकटपट्टीने जोडलेली होती. त्याने यादी पुन्हा उघडली आणि अगदी तळाशी सरकवली. तिथे, सगळ्या कामांच्या खाली, एक शब्द होता जो त्याने कधी वाचला नव्हता, कारण तो नेहमी वरच थांबायचा. रिकाम्या.

त्याने रिकाम्यांवर खूण केली.

तीन ओळी आल्या. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. बासष्टमध्ये मुंगीच्या आईचं नाव होतं. कामाचा रकाना कोरा. आणि शेजारी, शेऱ्याच्या रकान्यात, लिहिलं होतं: डोळे भरतात. सावलीतले काम द्यावे.

मुंगीने ते दोनदा वाचलं. तिला आधी हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"काका, हे तुम्ही लिहिलं?"

"मीच. शेवटच्या दिवशी तिघी आल्या, गाडीवाला भोंगा वाजवत होता. बाकीच्यांची नावं आणि कामं मुकादमाने वहीतून सांगितली होती, या तिघींना मी स्वतः विचारलं. मी म्हटलं, बाई, काय करता? ती म्हणाली, डोळे भरते. मला वाटलं, डोळ्यांचा त्रास सांगते आहे. म्हटलं गरीब बाई, उन्हात घालू नयेत, म्हणून शेरा मारला. काम नंतर विचारून भरू म्हटलं, ते राहिलं." तो मुंगीकडे वळला. "का? डोळ्यांचं आता कसं आहे?"

"तिच्या डोळ्यांना काही नाही," मुंगी म्हणाली. "ते काम आहे. आम्ही तसंच म्हणतो. गुलाबाच्या फांदीवरचा डोळा काढायचा आणि जंगली काडीत भरायचा. आई दिवसाला चारशे भरते. यालाच तुम्ही कलम म्हणता."

खिडकीकाकाने शेरा पुन्हा वाचला. बाहेर कोणीतरी बादली आपटली.

"पण त्या दिवशी," तो हळू म्हणाला, "तिचे खरोखरच भरले होते. मी बघितलं ना. बोलताना ती कोपराने पुसत होती. नाहीतर मी कशाला तसं लिहिलं असतं?"

मुंगी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली. तिला गाडीजवळून दिसलेली आईची पाठ आठवली.  तिला ताबडतोब घरी जायचं होतं. आत्याच्या खोक्यासमोर उभं राहून सांगायचं होतं. विहिरीच्या काठावर वाकून ओरडून सांगायचं होतं.

काकाने बासष्टच्या ओळीत, कामाच्या कोऱ्या चौकटीत, कलम हा शब्द टाकला. मग चाळणी पुन्हा कलमवर लावली. अकराच्या ऐवजी बारा.

"आलं बघ," तो म्हणाला. "मिस्त्रींना सांग, मी काल जरा... सांग, नाव लागलं. नशीब पाचच्या आत आलीस. तिकडे खोल्या बाराच आहेत. अकरा भरल्या होत्या, एक उरली होती. ती तुमची." त्याने घड्याळ बघितलं. सव्वाचार झाले होते. "आता पाठवून देतो."

त्याचा हात पुढे गेला आणि मुंगी म्हणाली, "काका, थांबा."

तिला स्वतःलाच कळलं नाही की ती का बोलली. म्हणजे कळलं होतं, पण कळायला नको होतं. तिला चौसष्ट हवे होते आणि पडद्यावर त्रेसष्ट आणि चौसष्ट अजून झाकलेलेच होते.

"त्या दोघींच्या शेऱ्यात काय लिहिलं आहे?"

खिडकीकाकाने तिच्याकडे पाहिलं. मग त्रिकोण उघडला, खाली सरकला, रिकाम्यांवर खूण केली. दोन ओळी उरल्या होत्या. दोन्हींच्या शेऱ्यात तेच: डोळे भरतात. डोळे भरतात.

"खोली एक आहे, पोरी," काका म्हणाला. आवाजात रागावल्यासारखं काही नव्हतं. "बारा पाठवले तर कोणी काही विचारणार नाही. चौदा पाठवले तर तिकडचे लोक ठरवतील कोणाला द्यायची. दोन घरं एका खोलीत घालतील, नाहीतर चिठ्ठ्या टाकतील, नाहीतर पहिल्या अकरांवर थांबतील. मला सांगता येत नाही. आणि या दोघींचं मला काय माहीत? एखादीला खरंच डोळ्यांचा त्रास असला तर?"

मुंगीने नावं वाचली. त्रेसष्ट ही पुलाजवळच्या घरातली. तिला ती ओळखत होती. रोपवाटिका चालू होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी मुंगी आईबरोबर जायची, आणि ही बाई शेजारच्या वाफ्यावर उकिडवी बसलेली असायची, दातांत प्लास्टिकची पट्टी धरून, न बोलता. तिचा मुलगा मुंगीच्याच वर्गात होता. तो हल्ली शाळेत डबा आणत नव्हता.

चौसष्ट ही उताराच्या टोकाच्या घरातली. तिच्याबद्दल मुंगीला काही माहीत नव्हतं. तिला एक म्हातारा सासरा होता आणि एक रांगणारं मूल, एवढंच तिने रांगेतून जाताना पाहिलं होतं.

बाहेर एकदम गलका झाला. टँकर आला होता. बादल्या सरकू लागल्या, आणि मुंगीची बादली कोणीतरी पायाने बाजूला केली. खिडकीतून ती तिला दिसत होती, आडवी पडलेली.

"काय करू?" खिडकीकाकाने विचारलं. "पाठवू?"

मुंगीने पडद्यावर बोट ठेवलं, त्रेसष्टच्या ओळीखाली. काचेवर बोटाचा ओला ठसा उमटला.

"हिच्या घरचं कोणी इथे नाही, पण मी सांगते. ही डोळे भरते. मी पाहिलंय. हिचं लिहा." मग बोट एक ओळ खाली आलं. "हिचं मला माहीत नाही. घरी विचारून येते. पाच वाजायला किती मिनिटं आहेत?"

"अडतीस."

तिने मनात उतार मोजला, जायचा आणि यायचा. मग ती दाराबाहेर पडली, टँकरच्या नळाखालून, आडव्या बादलीवरून उडी मारून, आणि घराकडे न वळता उताराच्या बाजूला पळत सुटली.